भाच्याच्या डोक्याला मार, रक्तात आयएल-६ आलं ३८. मेंदूला सूज आहे का?

फौंड्रीवाला मामा, शिरोली
मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी, मी इथं जास्त करून गाड्यांच्या नाहीतर कुस्तीच्या धाग्यावर असतो. आज डोकं चालेना म्हणून इकडं आलोय.

भाचा, वय १९, पेठेतल्या एका संघाकडनं फुटबॉल खेळतो. संघाचं नाव घेत नाही, नाहीतर उत्तरं राहतील बाजूला आणि इथंच दुसरा सामना सुरू होईल. रविवारी दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला. हा आणि समोरचा स्टॉपर दोघंही हेडला उठले, बॉल राहिला वर आणि डोकी आपटली. मी गॅलरीत होतो, आवाज तिथवर आला. मोल्डिंगच्या बॉक्सवर बॉक्स पडल्यासारखा.

अर्धा-एक मिनिट हललाच नाही. तोंडावर पाणी मारलं, स्प्रे मारला, भुवई फाटली होती तिथं रुमाल दाबला, आणि गडी उठून परत खेळायला लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी पण मारली, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांनी साध्या धक्क्याला तोल गेला, उजव्या खांद्यावर पडला आणि कॉलर बोन मोडलं.

रिक्षातनं नेताना एक उलटी झाली. आणि सारखं एकच, "मामा, स्कोर काय झाला?" सांगितलं की गप्प. पाच मिनिटांनी परत, "मामा, स्कोर काय झाला?"

दवाखान्यात (नाव नको) भुवईला पाच टाके, खांद्याचा एक्स-रे, गळ्यात पट्टा. सीटीचं विचारलं तर मशीन सकाळपर्यंत बंद, पोरगं बोलतंय-चालतंय, आधी रक्त बघू. रात्री नऊला रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी १४,२००, त्यात न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाइट ११. सीआरपी ३.२. आणि आयएल-६ म्हणून काहीतरी, ते ३८. समोर छापलंय ७ पर्यंत नॉर्मल. लाल अक्षरात, शेजारी वरच्या दिशेचा बाण. तिथल्या माणसानं सांगितलं, डोक्याला मार आहे म्हणजे आतनं सूज असणार, रोज हीच तपासणी करत राहू, आकडा उतरला की काळजी नाही.

सोमवारी सकाळी २१ आलं. आज सकाळी ८. दुपारी घरी सोडलं. ताईनं अंबाबाईची ओटी भरायचं ठरवून टाकलंय.

पण पोरगं मला बरं वाटंना. डोकं दुखतंय म्हणतंय, ट्यूबलाइट लावू देत नाही, मोबाइलला हात लावत नाही (एकोणीस वर्षांचं पोरगं!). विचारलं की उत्तर देतंय, पण मधे जरा थांबून, पूर्वी दुबईहून फोन यायचा तसं. दाजींना व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आलाय की रक्ताच्या चार थेंबांत १५ मिनिटांत मेंदूची दुखापत कळते. दाजी म्हणतात तीच ही टेस्ट, ती उतरली, विषय संपला. ताईला वर भीती की सीटीनं पोराला रेडिएशन बसेल.

तर सांगा. ही तीच टेस्ट का? ३८ वरनं ८ म्हणजे मेंदूची सूज उतरली का? आणि आता तीन दिवस उलटल्यावर सीटी करून काय दिसणार आहे?

---

गंगावेशकर
मंगळवार, रात्री ११.५२

मामा, स्कोर काय झाला ते आम्हाला पण सांगितलं नाही तुम्ही.

बरं, गंमत राहू दे. आमची आजी डोक्याला लागलं की झोपू द्यायची नाही आणि हळद-दूध द्यायची. त्यानं काय होतंय माहीत नाही, पण माणूस रात्रभर जागा असल्यामुळं कुणीतरी बघत तरी असायचं. डॉक्टर मंडळी येतीलच.

---

सुई टोचणारा, राजारामपुरी
बुधवार, रात्री १२.१५

मामा, लांबड नंतर लावतो. आधी हे करा: पोराला आत्ता उठवा. नाव विचारा, वार विचारा, दोन्ही हातांनी तुमची बोटं दाबायला सांगा. नीट उठेना, परत उलटी झाली, डोकेदुखी चढत चालली, एका बाजूचा हात-पाय ढिला वाटला, आकडी आली, नाकातनं-कानातनं पाण्यासारखं काही गळालं, यातलं एक जरी असेल तर हा धागा बंद करून १०८ लावा. नीट उठला तर उद्या सकाळी न्यूरोसर्जन आणि सीटी. परवा नाही, उद्याच.

आता रिपोर्टबद्दल. मी डॉक्टर नव्हे, डीएमएलटी. २२ वर्षं लॅबमध्ये रक्त काढतोय. कोविडच्या आधी आख्ख्या वर्षात माझ्या हातनं चार-पाच आयएल-६ गेली असतील. मग २०२० आलं आणि डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ ही नावं भाजी मंडईतल्या मावशींना पण पाठ झाली. साथ गेली, पण आयएल-६ पॅकेजात शिरलं ते शिरलंच. लाल आकडा आला की माणूस घाबरतो, घाबरला की परत तपासतो. लॅबवाला असून सांगतोय, माझा धंदा त्यावर चालतो.

आयएल-६ म्हणजे काय, तर इजा झाली की पेशी एकमेकींना धाडतात ते बोलावणं. डोक्याला जोराचा मार लागला की मेंदूतल्या मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी ते सोडतात, हे खरं. मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर मार लागल्यावर झिरपायला लागतो आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं, हेही खरं. आयसीयूतल्या जबर मार लागलेल्या पेशंटमध्ये मेंदूभोवतीच्या पाण्यात आयएल-६ मोजलं तर रक्तापेक्षा कितीतरी जास्त सापडतं. म्हणजे तुम्हाला सांगणारा माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता.

पण मोडलेलं हाड पण हेच सोडतं. फाटलेली भुवई पण. दाढेत पू झाला तरी हेच. आणि सगळ्यात मजा म्हणजे पळणारे स्नायू सुद्धा. मॅरेथॉन पळून आलेल्या धडधाकट माणसाचं रक्त तपासलं तर आयएल-६ शंभर पटीपर्यंत चढलेलं मिळतं, आणि तो माणूस तिकडं केळं खात उभा असतो. तुमचा भाचा तासाभराहून जास्त पळाला, भुवई फोडून घेतली, वर हाड मोडलं. त्या ३८ मध्ये डोक्याचा वाटा किती? आकड्यावर पत्ता लिहिलेला नसतो हो.

आयएल-६ रक्तात फार टिकत नाही. ३८ चं ८ झालं ते नुसतं सामना संपला म्हणूनही असेल.

पांढऱ्या पेशींचं तसंच. जोरात पळालं, घाबरलं, दुखलं की शिरेच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात. ८४ ला ११ नं भागलं की ७.६ येतं. या भागाकाराला एनएलआर म्हणतात. साध्या सीबीसीतनं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतनं निघतो, वेगळा पैसा लागत नाही, म्हणून त्यावर बरेच शोधनिबंध आहेत: डोक्याला जबर मार लागलेला पेशंट दाखल होताना हा भागाकार जितका मोठा, तितका पुढचा प्रवास अवघड. पण तो पेशंट आधीच बेशुद्ध असतो, सीटी झालेला असतो. मेंदूला लागलंय का, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नसतं. तो पेशंट पुढं कसा जाईल, एवढंच बघत असतात.

सीआरपी ३.२ बघून खूश होऊ नका. सीआरपी म्हणजे सूज असली की रक्तात चढणारं प्रथिन. तो यकृतात बनतो, आणि आयएल-६ चा निरोप पोचल्यावर बनतो. चढायला सहा-आठ तास, शिखराला दोनेक दिवस. मार लागल्यावर तीन-चार तासांत घेतलेला सीआरपी म्हणजे कालचं वर्तमानपत्र. तोच सोमवारी रात्री केला असता तर मोडलेल्या हाडापायी चढलेला दिसला असता आणि तुमच्या ताई परत रडल्या असत्या.

जाता जाता एक सांगतो, कारण आकड्यावर लोकांचा देवासारखा विश्वास असतो. खूप वर्षांपूर्वी डोक्याला मार लागलेल्या एका पेशंटची एनएसई ही तपासणी आमच्याकडं आली. चेतापेशींतलं एन्झाइम आहे, एकेकाळी त्याच्यावर बऱ्याच आशा होत्या. आमच्या नव्या पोराला शीर सापडेना, त्यानं दंड आवळला, सुई आत फिरवली, कसंबसं दोन मिली ओढलं. फिरवून ट्यूब वर काढली तर सिरम पिवळं असायचं ते रंकाळ्यावरच्या बर्फाच्या गोळ्यासारखं गुलाबी. तांबड्या पेशी फुटलेल्या. आणि एनएसई तांबड्या पेशींत पण भरपूर असतं! ते सॅम्पल तसंच पुढं गेलं असतं तर आकडा आभाळाला टेकला असता आणि घरच्यांनी हंबरडा फोडला असता, कशामुळं, तर आमच्या पोरानं सुई फिरवली म्हणून. मी ते ओतून दिलं आणि स्वतः जाऊन परत टोचलं. रिपोर्टच्या कागदावर हे असलं काही छापत नाहीत.

दाजींच्या फॉरवर्डमधली टेस्ट वेगळी आहे. ती माझ्या लॅबमध्ये लागत नाही, त्यामुळं त्यावर मी पांडित्य करत नाही.

---

सूनबाई, उचगाव
बुधवार, सकाळी ६.३०

दादा, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. तीन दिवसांनी काय दिसणार, असं विचारलंत म्हणून लिहिते.

आमचे मामंजी, ७४ वर्षांचे, मोरीत पाय घसरून पडले. डोकं नळाच्या कोपऱ्याला लागलं. रक्त नाही, टेंगूळसुद्धा मोठं नाही. हृदयात स्टेंट असल्यामुळं रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू होत्या. जवळच्या डॉक्टरांनी सीबीसी आणि सीआरपी केलं, सगळं छान आलं, घरी आलो. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

तिसऱ्या आठवड्यात चहा बशीत सांडायला लागला. आम्हाला वाटलं वय. मग डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागं राहायची आणि त्यांना कळायचं नाही. मी मागनं उचलून आणायची. दोन दिवस मी ती चप्पल उचलली, हे मला अजून टोचतं. तिसऱ्या दिवशी माझ्या दिरांनी ते बघितलं आणि तसंच गाडीत घालून नेलं. सीटीत कवटी आणि मेंदूच्या मधे जुनं रक्त साठलेलं, मेंदू एका बाजूला ढकललेला. कवटीला भोक पाडून काढलं. गडद, इंजिनातनं काढलेल्या ऑइलसारखं होतं म्हणे. आता चहा नीट पितात, वर साखर कमी म्हणून भांडतात.

तर तीन दिवस काय, तीन आठवड्यांनी पण दिसतं. रक्ताच्या तपासणीत आमचं काहीच दिसलं नव्हतं.

---

नाईट ड्युटी
बुधवार, सकाळी ८.१०

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या बाहेरगावी कॅज्युअल्टीत डॉक्टर. सुईवाल्या काकांनी आयएल-६ चं जे सांगितलं त्यात मला बदलण्यासारखं काही नाही. फॉरवर्डचं मी सांगतो.

दाजींची बातमी खरी आहे, फक्त ती सूज मोजणाऱ्या तपासणीची नाही. तिच्यात जीएफएपी आणि यूसीएच-एल१ अशी दोन प्रथिनं मोजतात. जीएफएपी ॲस्ट्रोसाइटच्या सांगाड्यातलं, यूसीएच-एल१ चेतापेशीतलं. आयएल-६ म्हणजे शेजाऱ्यांनी केलेला आरडाओरडा असेल, तर ही त्या घराच्या भिंतीची पडलेली माती. माती रक्तात सापडली तर भिंत कुणाची ते बऱ्यापैकी कळतं.

अमेरिकेच्या एफडीएनं या जोडीला पहिल्यांदा फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली. त्यामागच्या अभ्यासात १,९५९ पेशंट होते. ज्यांच्या सीटीत खरंच काही होतं अशा शंभरातल्या जवळजवळ ९८ जणांना टेस्टनं पकडलं. मोठी गोष्ट आहे. पण ज्यांचा सीटी स्वच्छ होता त्यांच्यातल्या शंभरातल्या फक्त ३६ जणांना ती "काही नाही" म्हणाली, बाकीच्यांना उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे तिचा उपयोग एकाच दिशेनं: निगेटिव्ह आली तर सीटी टाळता येईल. पॉझिटिव्ह आली तर सीटी करायचाच. पंधरा मिनिटांची, हातात धरायच्या यंत्रावर थेट रक्त घालून करायची आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झाली. तीही १८ वर्षांवरच्यांना, किरकोळ वाटणाऱ्या माराला आणि मार लागल्यापासून २४ तासांच्या आत. मामांचा मंगळवार त्यात बसत नाही.

स्वीडन-नॉर्वेकडं २०१३ पासून एस१००बी हे तिसरंच प्रथिन मार्गदर्शक सूचनांत आहे. सहा तासांच्या आत घ्यायचं, लिटरमागं ०.१० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर निवडक पेशंटना सीटीशिवाय घरी. पण ते चरबीतनं आणि मोडलेल्या हाडातनं पण येतं. भाच्याचं कॉलर बोन तिथंही आडवं आलं असतं.

सूज दाखवणाऱ्या मार्करांवर काम चालू आहे, नाही असं नाही. आयएल-१०, जे सूज आवरतं, ते जीएफएपीच्या जोडीला घेतलं तर कुणाचा सीटी टाळता येईल हे जास्त नीट कळतं का, असे अभ्यास झालेत. आज रात्री माझ्या टेबलावर डोकं फुटलेला माणूस आला तर त्यातलं काही मी मागवणार नाही.

आणि एक कळकळीचं. कुणी "सूज आहे ना, मग डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकूया" म्हणालं तर हात जोडा. क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली होती, १०,००८ पेशंट, निकाल २००४ मध्ये आला. डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड दिलं. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्या गटात २१.१ टक्के गेले, न दिलेल्यांत १७.९ टक्के. अनेक वर्षं जगभर चांगल्या मनानं दिलं जाणारं औषध माणसं मारत होतं. सूज हा शब्द फसवा आहे. त्यातलीच काही सूज साफसफाई करत असते.

आता मामा, तुमच्या पोस्टमधला सगळ्यात कामाचा आकडा रिपोर्टमध्ये नव्हताच, रिक्षात होता. "स्कोर काय झाला" हे परत परत. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी शुद्धी मोजायची पट्टी बनवली, आता ती ३ ते १५ ची असते. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल. गोंधळलेलं बोलणं असलं की १५ चे १४ होतात. सीटी कुणाला करायचा याचा कॅनडाचा एक नियम आहे, २००१ चा. मार लागून दोन तास झाले तरी १५ वर आला नाही, तर सीटी. दोन किंवा जास्त उलट्या, तर सीटी. मार लागण्याआधीचा अर्धा तास आठवत नाही, तर सीटी. वय ६५ किंवा जास्त, तर सीटी. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्यांना हा नियम लागूच नाही, त्यांच्यासाठी उंबरठा आणखी खाली, सूनबाईंच्या घरी बघितलंच. रात्री नऊला पोरगं अजून स्कोर विचारत होतं का? विचारत असेल तर उत्तर तिथंच होतं, फुकटात.

ताईंना सांगा, डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलीसिव्हर्ट बसतात. जमिनीतनं, आभाळातनं, हवेतनं आपल्याला वर्षभरात फुकट मिळतात ते जगात सरासरी २.४ च्या आसपास.

आणि परत मैदानात पाठवणाऱ्यांना पण कुणीतरी सांगा. डोकं आपटल्याची शंका असली तर तो खेळाडू बाहेर आणि बदल्यात जादा खेळाडू आत, अशी सोय २०२४ पासून फुटबॉलच्या नियमपुस्तकात आहे, स्पर्धा घेणाऱ्यांनी ती घ्यायची असते. दुसरी पडझड, जिच्यात हाड मोडलं, ती तोल गेल्यामुळं झाली. तोल का गेला?

---

फौंड्रीवाला मामा, शिरोली
बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांना नमस्कार. रात्री साडेबाराला उठवला त्याला. वार चुकला, पण तसा सुट्टीत माझा पण चुकतो. बोटं करकचून दाबली. सकाळी न्यूरोसर्जन, दहाला सीटी. मशीनवर पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही तीन दिवस रक्त काढत बसलो.

सीटी स्वच्छ. रक्त नाही, फ्रॅक्चर नाही. कन्कशन म्हणाले, म्हणजे मेंदूला बसलेला हिसका. रविवारी रात्रीच व्हायला पाहिजे होता हेही म्हणाले, आवाज न चढवता, ते जास्त लागलं. आणि हो, नाईट ड्युटी, रात्री नऊला तो अजून विचारत होता. नर्सला पण विचारलं. ती हसली, आम्ही पण हसलो.

घरी आल्यावर दाजींना कारखान्याच्या भाषेत सांगितलं, ते पण याच लाइनीतले. भट्टीतनं लॅडलमध्ये माल ओतायच्या आधी आपण चमचाभर काढून स्पेक्ट्रोला लावतो. कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगेनीज किती, आख्ख्या हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालाचं कळतं. पण त्या हीटमधनं ओतलेल्या अमुक एका हाउसिंगच्या पोटात ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी आहे का, हे स्पेक्ट्रो सांगत नाही. जगातला कुठलाच स्पेक्ट्रो सांगत नाही. त्याला तो जॉब उचलून रेडिओग्राफीलाच न्यावा लागतो. पार्टीनं माल परत पाठवला आणि मी स्पेक्ट्रोचा कागद दाखवला तर मला वेड्यात काढतील. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग आयएल-६ चे पैसे?" ते गेले.

एकच शंका. सीटी स्वच्छ आहे तर पोराला उजेड का सोसत नाही?

---

नाईट ड्युटी
बुधवार, रात्री १०.०५

कारण सीटी रक्त आणि हाड बघतो, मेंदूतले बारीक चेतातंतू नाही बघत. तुमच्याच भाषेत: ब्लो होल नाही, पण केसाएवढी चीर असू शकते, ती त्या फिल्मवर उमटत नाही. २०१९ मध्ये एक अभ्यास आला. मार लागलेले पण सीटी स्वच्छ असलेले ४५० पेशंट, त्यांचा नंतर एमआरआय केला. २७ टक्क्यांत काहीतरी सापडलं, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या रक्तात जीएफएपी जास्त होतं. रक्ताच्या तपासणीचं खरं भविष्य मला तिथं दिसतं. सीटी टाळण्यापेक्षा, सीटीला न दिसलेलं कुणाचं राहिलंय ते ओळखण्यात.

आत्ता एमआरआयच्या मागं लागू नका, सर्जन सांगतील तेव्हा बघा. दोन दिवस आराम, मग घरातल्या घरात, मग गल्लीपर्यंत हळूहळू चालणं. चार भिंतींत महिनाभर अंधारात कोंडून ठेवू नका, त्यानं पण बरं व्हायला उशीर लागतो. स्क्रीन कमी. फुटबॉल तर लक्षणं पूर्ण गेल्यावर, तेही पायरी-पायरीनं, हेड सगळ्यात शेवटी. वाढतंय असं वाटलं तर परत सीटी, लाजायचं नाही.

---

सुई टोचणारा, राजारामपुरी
बुधवार, रात्री १०.३०

मामा, आणि परत कुणी आयएल-६ साठी रक्त काढायला दंड मागितला तर मला फोन करा, मी येऊन भांडतो.

---

गंगावेशकर
गुरुवार, सकाळी ९.००

हळद-दूध दिलं का?

---

फौंड्रीवाला मामा, शिरोली
रविवार, संध्याकाळी ७.१५

दिलं. ताईनं चार दिवस दिलं, आता पोरगं पिवळा कप दिसला तरी उठून जातंय.

आज दारापर्यंत चालत आला, गॉगल लावून. कठड्यावर बसला. डोकं दुखतंय, पण सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, असं आता स्वतः सांगतोय. संघातली पोरं आल्ती, आत घेतली नाहीत, खिडकीतनंच बोलली.

ती गेल्यावर म्हणाला, "मामा, स्कोर काय झाला?" माझ्या पोटात गोळाच आला. सांगितलं, दोन-एकनं हरलो. "दुसरा गोल कुणी खाल्ला?" म्हणाला. ते याआधी कधी विचारलं नव्हतं. मग गोलकीपरला शिव्या घातल्या. दुपारचं जेवला, झोपला, चारला उठला, चहा घेतला. आत्ता सात वाजले, परत काही विचारलेलं नाही.